गुंतवळ

त्या वर्षी डोंगरांवर बर्फच धरलं नाही. सिएटलच्या डोंगरांपलीकडे, याकिमाच्या खोऱ्यात पावसाच्या भरवशावर कोणी बाग लावत नाही. डोंगरावरचं बर्फ वितळतं, धरणांत उतरतं आणि कालव्यानं सफरचंदांच्या मुळाशी येतं. २००५च्या मार्चमध्येच पाटकरी येऊन सांगून गेला, यंदा पाणी निम्म्याहून कमी. इथे त्याला दुसरं काहीतरी नाव होतं, पण लतिकाबाई त्याला पाटकरीच म्हणत. हा पिकअपमधून यायचा आणि काळा चष्मा लावायचा, एवढाच काय तो फरक. पाणी सोडताना तोंड मात्र निफाडकडच्या पाटकऱ्यासारखंच, जणू घरच्या माठातलं काढून देतोय.

शैलेंद्र रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये होता. नोकरी गेली तेव्हा बरोबरीच्या लोकांनी दुसऱ्या नोकऱ्या शोधल्या, यानं बाग घेतली. वडिलांची निफाडला द्राक्षं होती, ते त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नव्हतं. त्याची बायको सीमा याकिमाच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये जाऊ लागली आणि वर्षभरात त्यानं आईला बोलावून घेतलं. वडील गेले होते, सुरगाण्याच्या आश्रमशाळेतली अधीक्षिकेची नोकरी संपूनही लतिकाबाईंना बरीच वर्षं झाली होती. त्या आल्या त्या राहिल्याच.

बागेचे दोन तुकडे होते. घराभोवतीची जुनी सफरचंदं स्वतःची. कालव्यापलीकडे चेरीची नवी रोपं, ती जमीन अर्लीनची. अर्लीन इथल्या मूळच्या याकामा लोकांपैकी, पंच्याहत्तरीची, रुंद हाडांची, कमी बोलणारी बाई. कालव्याच्या कायद्यात ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी, आणि अर्लीनच्या लोकांचा हक्क सगळ्यांत जुना. त्यामुळे त्या उन्हाळ्यात घराभोवतीची झाडं पानं मुडपून उभी होती आणि पलीकडची रोपं हिरवीगार होती. शैलेंद्रचा सगळा जीव त्या रोपांत. भाडेकरार शरद ऋतूत संपत होता आणि अर्लीननं पुन्हा सही केली तरच रोपं त्याची.

रोपांना एकच भीती होती, हरणांची. बागेचा जुना मालक जाताना सांगून गेला होता, माणसाचे केस जुन्या नायलॉनच्या मोज्यांत भरून फांद्यांना टांगा, वासानं हरणं फिरकत नाहीत. सीमाच्या फाटक्या मोज्यांना आणि लतिकाबाईंच्या गुंतवळाला असा उपयोग मिळाला. रोज सकाळी वेणी घातली की फणीवरचे केस बोटाला गुंडाळून त्या मोज्यात कोंबत.

“आई, तुमच्या केसांवर चेरी पिकणार बघा,” सीमा म्हणायची.

“पिकू दे. डोक्यावर तरी आता किती उरलेत.”

लतिकाबाईंची आई गुंतवळ कधी इकडेतिकडे पडू देत नसे. गुंडाळून, त्यावर थुंकून, भिंतीच्या फटीत खोल सारायची. कोणाच्या हाती लागलं तर त्यावर काय करतील सांगता येत नाही, म्हणायची. इथे तेच गुंतवळ झाडाला टांगताना लतिकाबाईंना पहिल्यांदा थोडं चुकल्यासारखं झालं होतं. मग सवय झाली.

अर्लीनशी ओळख वाढली ती डब्यामुळे. लतिकाबाईंकडे घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा होता, आश्रमशाळेतल्या दिवसांपासूनचा. पहिल्या दिवाळीला त्यांनी त्यातून शंकरपाळे पाठवले. चार दिवसांनी अर्लीन स्वतः डबा घेऊन आली, आत डोंगरातली वाळवलेली जांभळी फळं. लतिकाबाईंना ते फार आवडलं. रिकामा डबा परत करायचा नाही, हे हिला कोणी शिकवलं, असं त्या सीमाला पुनःपुन्हा विचारत राहिल्या. तेव्हापासून तो डबा कालव्यावरच्या फळीवरून ये-जा करत होता. चिवडा जायचा, सुकवलेला सामन मासा यायचा. तो शैलेंद्र खायचा. लाडू जायचे, कसलीशी पांढरी वाळकी मुळं यायची. ती कडू लागत, तरी लतिकाबाई वरणात टाकून संपवत.

डब्याच्या मागोमाग टेसा येऊ लागली. अर्लीनच्या मुलीची नात, सात वर्षांची, समोरचे दात पडलेली. तिची आई सिएटलकडे कुठेतरी असायची, क्वचित यायची. मुलगी पणजीजवळच वाढत होती. ती अर्लीनला त्यांच्या भाषेतलं आजी, ‘काथ्ला’, म्हणायची आणि लतिकाबाईंना ‘आजी’. शाळेतून आली की स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून पोळीचा लाडू खायची. तिचे केस कमरेच्या खाली यायचे. काळे, जड, सरळ. अर्लीन रोज सकाळी दोन वेण्या घालून तिला पाठवायची. लतिकाबाई कधी त्या वेण्यांना हात लावून म्हणत, “काय गं, घोड्याचं शेपूट आहे का हे?” आणि टेसा मान हलवून वेण्या फिरवायची.

एप्रिलच्या शेवटी अर्लीन मुळं खणायला डोंगरात गेली. वर्षातून एकदा त्यांच्या बायका जातात, लाकडी मुठीच्या काठ्या घेऊन. दोन रात्रींचा मुक्काम होता आणि टेसाची शाळा होती, म्हणून अर्लीननं तिला लतिकाबाईंकडे ठेवलं. जाताना ती एवढंच म्हणाली, “ही तुझ्याजवळ असली की मला काळजी नसते.”

दुसऱ्याच दिवशी शाळेनं टेसाला घरी पाठवलं. डोक्यात उवा झाल्या होत्या. शैलेंद्र तिला घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, “आई, स्कूलवाले म्हणतात ट्रीटमेंट करून उद्या आणा. सीमाला शाम्पू आणायला सांगतो.”

“शाम्पूनं काय होतंय,” लतिकाबाई म्हणाल्या. “तू जा तुझ्या कामाला. माझा जन्म गेला यात.”

खोटं नव्हतं ते. आश्रमशाळा जूनमध्ये उघडायची तेव्हा पाड्यांवरून मुली यायच्या, कोकणा, वारली, महादेव कोळ्यांच्या. पहिल्या दिवशी अंघोळ, नवा गणवेश आणि केस. लतिकाबाई पायरीवर बसायच्या, एकेक मुलगी पुढे यायची, मान खाली घालायची. सगळ्यांचे केस कानापर्यंत. शंभर मुलींच्या शंभर वेण्या कोण घालणार? स्वच्छता म्हणून तपासणीच्या साहेबांनी त्यांचं कौतुकही केलं होतं.

टेसाला त्यांनी पायरीवर बसवलं. खोबरेल चोपडलं, भारतातून आणलेली बारीक फणी काढली. केस कोरडे असताना सरळ दिसत होते, पण मानेमागे खाजवून खाजवून त्यांचा गठ्ठा झाला होता. फणी जाईना. टाळूवर ओरखडे होते, एका जागी रक्त येऊन वाळलं होतं. ऊन डोक्यावर चढलं. टेसा कळवळून मान बाजूला घ्यायची आणि लतिकाबाई ती पुन्हा सरळ करायच्या.

“आजी, इट हर्ट्स.”

“झालं हं. झालंच.”

सीमाची स्वयंपाकघरातली कात्री खिडकीशी होती. लतिकाबाईंनी हात लांब करून ती घेतली. विचार असा त्यांनी केलाच नाही. डाव्या मुठीत केस धरले, पीळ दिला, कानाच्या पाळीशी कात्री लावली. केस दाट होते, कात्री चावत चावत गेली. मग दुसरी बाजू. मग मागचं सारखं केलं. हात अजून तसाच चालतो, याचा त्यांना आनंदसुद्धा झाला.

टेसा रडली नाही. ती ताठ झाली, दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली. लतिकाबाईंनी तिच्या मानेवरचे बारीक केस झटकले आणि म्हणाल्या, “बघ, किती हलकं वाटतंय.” त्या ताठ मानेची लतिकाबाईंना चांगली ओळख होती. शाळेतल्या मुलीही अशाच बसायच्या. मुली किती शहाण्या आहेत, असं त्या तेव्हा म्हणत.

केस उकळत्या पाण्यातून काढून त्यांनी उन्हात वाळवले. मूठभर नव्हे, ओंजळभर होते. टाकायचे कशाला? संध्याकाळच्या आत त्यांनी नवे मोजे भरले, जुन्या अर्ध्या मोज्यांतही ते कोंबले आणि पलीकडे जाऊन रोपांना टांगून आल्या. पायरीवर बसलेली टेसा ते बघत होती. तिनं पोळीचा लाडू हातातच धरून ठेवला होता.

अर्लीन आली ती बुटांना लाल माती घेऊनच. हातात मुळांची पिशवी होती, लतिकाबाईंसाठी. ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. टेसा टेबलाशी बसली होती, तिनं वर पाहिलं नाही.

लतिकाबाईंनी आपल्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. उवा, शाळा, जखम. बोलता बोलता त्यांना समोरचा चेहरा दिसला.

अर्लीन आत आली. टेसाच्या मानेवर, जिथे केस संपत होते तिथे, तिनं हाताचा पंजा ठेवला आणि तसाच राहू दिला.

“केस कुठे आहेत?” तिनं विचारलं.

खिडकीतून पलीकडची रोपं दिसत होती. वाऱ्यानं मोजे हलत होते. लतिकाबाईंच्या तोंडून निघून गेलं, “टाकले. कचऱ्यात.”

टेसानं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. अर्लीननं तिचं दप्तर उचललं, तिचा हात धरला आणि दोघी गेल्या. मुळांची पिशवी तिच्या दुसऱ्या हातात तशीच होती.

रात्रीच्या जेवणाला सीमानं विचारलं, “टेसा गेली का आई?” आणि लतिकाबाईंनी सांगितलं. सीमाचा हात ताटात थांबला.

“तुम्ही विचारलं नाहीत त्यांना?”

“उवांना काय विचारायचं? आणि फोन लागतो का डोंगरात?”

“आई, माझ्याकडे ब्लड द्यायला येतात ना इथले म्हातारे लोक, ते बोलता बोलता सांगतात. ह्यांना लहानपणी सरकारच्या बोर्डिंग स्कूलमध्ये नेलेलं. घरून उचलून. गेल्या गेल्या पहिलं काम केस कापायचं. नाव बदलायचं. स्वतःची भाषा बोललं तर मार. एक आजोबा तर अजून डोक्याला कोणाला हात लावू देत नाहीत, माहितीये? डॉक्टरलासुद्धा.”

लतिकाबाई भात कालवत राहिल्या.

“आणि ह्यांच्यात कोणी गेलं तरच केस कापतात,” सीमा हळूच म्हणाली. “आता त्या पोरीला शाळेत सगळे विचारणार, तुमच्याकडे कोण गेलं म्हणून.”

लतिकाबाईंना नवऱ्याच्या तेराव्याला तुळतुळीत डोक्यानं उभा असलेला शैलेंद्र आठवला.

तो आता कपाळ चोळत होता. “आई, यार, ऑक्टोबरमध्ये लीज आहे. तिनं सही नाही केली तर ती सगळी झाडं गेली. तीन वर्षं घातलीयत मी त्यात. यंदा इकडे पाणी नाही आणि तिकडे तू...”

“शैलेंद्र,” सीमा म्हणाली.

“नाही, मी काही बोलत नाही. आपण जाऊ या. सॉरी म्हणू. काहीतरी घेऊन जाऊ. लोक समजून घेतात.”

तीन-चार दिवस अर्लीननं फोन घेतला नाही. शाळेची बस आली की लतिकाबाई पायरीशी जाऊन उभ्या राहत. बस पलीकडच्या वळणावर थांबायची, डोक्याला रुमाल बांधलेली एक लहान आकृती उतरायची आणि सरळ घराकडे जायची. फळीकडे बघायचीसुद्धा नाही. एकदा दुकानात टेसाच्या वर्गातल्या कोणाची तरी आई भेटली. रोज हसणारी बाई. ती दुधाचा कॅन घेऊन दुसऱ्या रांगेत गेली.

रविवारी शैलेंद्र त्यांना गाडीत घालून घेऊन गेला. मागच्या सीटवर मोठी फुलं होती, फळांची टोपली होती. त्याच्या शर्टाच्या खिशातून कराराच्या कागदाची घडी वर डोकावत होती. ती लतिकाबाईंना दिसली.

“ते कशाला घेतलंस?”

“असू दे गं. विषय निघाला तर.”

अर्लीनचं घर जुन्या लाकडी फळ्यांचं, पुढे पडवी. कुत्रं भुंकत राहिलं, तिनं त्याला गप्प केलं नाही. ती खुर्चीवर मुळं सोलत बसली होती. अंगठ्याच्या नखानं साल निघत होती आणि खालच्या टोपलीत पांढरी मुळं पडत होती. दुसरी खुर्ची रिकामी होती, पण तिनं बसा म्हटलं नाही. दोघं पायरीखाली उभे राहिले. शैलेंद्रच्या हातात फुलं होती, ती कुठे ठेवावी त्याला कळेना.

लतिकाबाईंनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. माझी चूक झाली, मला माहीत नव्हतं, मला माफ कर.

अर्लीननं एक मूळ सोलून संपवलं.

“मी सहा वर्षांची होते,” ती म्हणाली. “लांबची शाळा. ट्रकमधून नेलं. माझी आई ट्रकच्या मागे धावली, मग दिसेनाशी झाली. तिथे एक बाई होती. स्वच्छ कपडे, स्वच्छ हात. तिनं आम्हांला रांगेत बसवलं. डोक्यावर रॉकेल ओतलं आणि केस कापले. माझे केस आईशिवाय कोणी विंचरले नव्हते. मला वाटलं आई मेली. आमच्यात तेव्हाच कापतात. मी रडायला लागले, तर ती बाई म्हणाली, बघ किती हलकं वाटतंय.”

लतिकाबाईंनी पडवीचा खांब धरला. आपण मराठीत म्हणालो होतो, हिला कसं कळलं, असा वेडा विचार त्यांच्या मनात आला. हिला कळलं नव्हतंच. ती आपलंच सांगत होती.

“केस त्यांनी चुलीत टाकले. सगळ्या मुलींचे. हॉलभर वास सुटला होता. पुढच्या वर्षी आई खरंच गेली. मला कळवलं ते सुट्टीला घरी आल्यावर. तेव्हा कापायला माझ्याकडे केसच नव्हते.” अर्लीननं दुसरं मूळ घेतलं. “ती बाई वाईट नव्हती. आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसायची. आम्हांला ती आवडायची. हे कोणाला सांगून पटत नाही.”

कुत्रं एव्हाना गप्प झालं होतं. शैलेंद्र म्हणाला, “वी आर रिअली सॉरी, अर्लीन. आणि ते लीजचं, म्हणजे आत्ताच नाही, पण तुमच्या मनात काही असेल तर आपण...”

अर्लीननं त्याच्याकडे पाहिलं आणि मग लतिकाबाईंकडे. रागानं नव्हे. काहीतरी पडताळून पाहिल्यासारखं. लतिकाबाईंना वाटलं, पायाखालची माती आत घेईल तर बरं.

“मुलीला तिचे केस हवे होते,” ती म्हणाली. “ते ठेवायचे असतात. कचरा गेला, आता काय.”

परत येताना फुलं मागच्या सीटवरच होती. शैलेंद्र गाडी चालवत म्हणाला, “मी चुकीच्या वेळी बोललो का?”

“गाडी सावकाश चालव,” लतिकाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सीमा कामाला गेली, शैलेंद्र सफरचंदांची विरळणी करणाऱ्या माणसांबरोबर वरच्या अंगाला गेला. पाणी कमी म्हणून यंदा झाडावर फळंही कमी ठेवायची होती. लतिकाबाईंनी टोपली घेतली आणि फळीवरून पलीकडे गेल्या. एकेका रोपाशी वाकायचं, मोज्याची गाठ सोडायची, मोजा टोपलीत टाकायचा. गाठी त्यांच्याच हातच्या, उन्हानं आणि दवानं आवळून बसलेल्या. नखं दुखू लागली तेव्हा दातांनी सोडवल्या. पाठ भरून आली. मधेच त्या कालव्याच्या काठावर बसल्या. पाणी तळाशी लागलेलं, बाजूचा चिखल भेगाळलेला. उठल्या आणि पुन्हा पुढच्या रोपाशी गेल्या. सगळे मोजे उतरवले तेव्हा दुपार कलली होती.

स्वयंपाकघरात जमिनीवर पांढरी चादर अंथरून त्यांनी केस ओतले. त्यांचे पांढरे आणि करडे, सीमाचे मेंदीनं तांबूस झालेले, जुन्या मालकानं देऊन ठेवलेले त्याच्या कुत्र्याचेसुद्धा काही. आणि काळे. ओल्यानं सगळे एकमेकांत विणले गेले होते. त्या चष्मा लावून एकेक काळा केस ओढून काढू लागल्या. सरळ करायचा, लांबीला लांबी लावायची. जोरानं ओढला तर तुटायचा.

हे काम पुढे रोजच चाललं. सीमानं एका संध्याकाळी बघितलं, काही न विचारता शेजारी बसली आणि आपले तांबूस वेगळे करू लागली.

“हरणं येतील ना आई?”

“येतील.”

हरणं आलीच. एका सकाळी शैलेंद्र पलीकडून आला तो बूट न काढताच आत शिरला. “शेंडे खाल्लेत. पूर्ण एक रांग. आई, मोजे कुठेत?” मग त्याला चादर दिसली. “मला सांगायचं तरी होतंस. मी जाळी लावली असती.”

“तू नको म्हणाला असतास.”

पायांनी आलेली माती त्यानं स्वतःच झाडली आणि जाळी आणायला गेला. त्या दिवसापासून तो रात्री कधी कधी उठून टॉर्च घेऊन पलीकडे जायचा. झोप न झालेले त्याचे डोळे सकाळी चहाच्या कपावर दिसायचे, आणि लतिकाबाई कप पुढे सरकवताना दुसरीकडे बघायच्या.

केस निवडून झाले तेव्हा त्यांनी दोन जुड्या केल्या, पांढऱ्या दोऱ्यानं बांधल्या. ठेवायला डबा शोधू लागल्या आणि हात आपसूक त्या स्टीलच्या डब्यावर गेला. झाकण उघडून त्या तशाच उभ्या राहिल्या.

सुरगाण्याला जूनमध्ये एक केसवाली यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, गावोगाव हिंडून बायकांचं गुंतवळ घ्यायची आणि त्यावर वाटी, चमचा द्यायची. वर्षभर साठवलं तर कुठे एक वाटी. त्या वर्षी शाळेच्या अंगणात कापलेल्या केसांचा ढीग बघून तिनं पाटीतली सगळ्यांत मोठी वस्तू काढून दिली होती. घट्ट झाकणाचा डबा. केस नाहीतरी जाळायचेच होते. लतिकाबाई खूश झाल्या होत्या. भिवरी नावाची एक मुलगी, तिला शाळेत सुमन म्हणायचे, केसवालीच्या पोत्याकडे बघत दाराशी उभी होती. “बाई, त्यात माझे आहेत,” ती म्हणाली होती. आणि लतिकाबाई हसून म्हणाल्या होत्या, “तुझे कसे ओळखणार गं आता?”

चाळीस वर्षं तो डबा त्यांच्या स्वयंपाकघरात होता. त्यात त्यांनी मुलाच्या वाढदिवसाचे लाडू ठेवले होते. आईची गुंतवळाची भीती त्यांना स्वतःच्या केसांपुरतीच ठाऊक होती.

दुसरी बरणी घ्यावी असं मनात आलं. घेतली नाही. जुड्या त्याच डब्यात ठेवल्या.

त्या फळीवरून एकट्याच चालत गेल्या. अर्लीन पडवीत होती. मुळं आता वाळून दोऱ्यात ओवली होती. खिडकीत टेसा होती, रुमाल बांधलेली.

“मी खोटं बोलले होते,” लतिकाबाई पायरीखालूनच म्हणाल्या. “कचऱ्यात टाकले नव्हते. झाडांना बांधले होते, हरणांसाठी. तुझ्या जमिनीवर.” आणि डबा पुढे केला.

अर्लीननं तो घेतला, उघडला. एक जुडी तळहातावर घेतली. नाकाशी नेली. उकळलेल्या, उन्हात आणि मोज्यात राहिलेल्या केसांना कसला वास असणार. ती जुडी उजेडात फिरवू लागली, बोटं सावकाश खाली सरकत होती. एका जागी थांबली. दोन बोटांच्या चिमटीत धरून तिनं एक लांब केस हळूहळू ओढून काढला. पांढरा.

“हा तुझा,” ती म्हणाली आणि तो लतिकाबाईंच्या तळहातावर ठेवला.

लतिकाबाईंना आणखी सांगायचं होतं. डब्याचं. भिवरीचं. रांगेत बसलेल्या मुलींचं, आपल्या स्वच्छ हातांचं. पण ते हिच्यापुढे टाकून आपण काय हलकं करून घेणार होतो? ही तरी ते कुठे ठेवणार? त्यांनी मूठ मिटली.

“टेसाला भेटू?”

अर्लीननं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत आता कोणी नव्हतं.

“ते तिनं ठरवायचं,” ती म्हणाली.

उन्हाळा तसाच तापत गेला. धूर दिसला की लोक डोंगराकडे बघायचे. घराभोवतीची काही सफरचंदाची झाडं मुळासकट काढून टाकावी लागली. सप्टेंबरात शाळेची बस पुन्हा सुरू झाली. लतिकाबाई पोळीचा लाडू करून पायरीवर ठेवत आणि संध्याकाळी तो स्वतः खात. टेसाचे केस आता मानेखाली आले होते, रुमाल गेला होता. ती एकदा कालव्याच्या पलीकडे थांबली. लतिकाबाईंनी हात हलवला. तिनंही हलवला, आणि निघून गेली. फळीवर पाय ठेवला नाही.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी शैलेंद्रची गाडी अंगणात आली ती हॉर्न वाजवतच.

“आई, केली तिनं सही. दहा वर्षांची. मी काही बोललोच नाही, तिनंच फोन करून बोलावलं. म्हणाली, झाडांशी काही वाकडं नाही माझं.” तो कितीतरी महिन्यांनी हसत होता. त्यानं सीमाला फोन लावला, सांगितलं, पाणी प्यायला, मग आठवण झाल्यासारखा गाडीकडे गेला. “अरे हो. हा तुझा डबा दिलाय तिनं.”

डबा धुतलेला होता, पुसून कोरडा केलेला. घट्ट झाकण होतं, लतिकाबाईंनी पदरात धरून ते फिरवून काढलं.

“काय दिलंय?” शैलेंद्रनं विचारलं.

आत काही नव्हतं. तळाला त्यांचा स्वतःचाच चेहरा हलला.

“काही नाही.”

“गडबडीत राहिलं असेल,” तो म्हणाला आणि जाळी ताणायला पलीकडे गेला.

संध्याकाळी सीमा चहाची पूड घेऊन आली. मोठी पिशवी होती, फोडून भांड्यात काढायची होती. तिनं ओट्यावरचा डबा पाहिला. “आई, यातच भरू का?”

“नको,” लतिकाबाई म्हणाल्या. “तो राहू दे तसाच.”